झाडाची जागा चुकली, हे कोणी ठरवलं?

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की मोठमोठे विषय डोक्यात येतात. माझा विषय मात्र मुलुंड पूर्वेला, मामीच्या मोगऱ्यापाशी सापडला.

मामीनं तो मोगरा सोसायटीच्या भिंतीलगत लावला होता. तिथं ऊन जेमतेम तासभर. दोन वर्षं नुसती पानं, कळी एकही नाही. शेवटी जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर तिनं फांद्या छाटल्या, बुंध्याभोवती गोल खणून मातीच्या गोळ्यासकट रोप उचललं आणि गेटजवळच्या उन्हात लावलं. पुढच्या उन्हाळ्यात मोगरा फुलला.

इथं जागा चुकली हे झाडानंच सांगितलं होतं. पण इतिहासाच्या कागदांत ‘जागा चुकली’ असं वाचाल तेव्हा थांबा. ते दर वेळी झाडाचं म्हणणं असतंच असं नाही.

आपल्या राणीच्या बागेचंच घ्या. ती मुळात भायखळ्याची नव्हेच. ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेला १८३५ मध्ये सरकारकडून शिवडीला जमीन मिळाली आणि तिथं बाग उभी राहिली. पुढं सरकारला तीच जमीन युरोपियनांच्या दफनभूमीसाठी हवी झाली. बदल्यात १८६१ मध्ये माझगावच्या माउंट इस्टेटची जागा देण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’चं उद्घाटन झालं. १८७३ मध्ये ही बाग नगरपालिकेकडे आली.

आता विचार करा. शिवडीची माती काही एका वर्षात बिघडली नव्हती. बदलली ती शहराची गरज. म्हणजे ‘चुकीची जागा’ हा तिथं वनस्पतिशास्त्राचा निष्कर्ष नव्हता, तो प्रशासनाचा निर्णय होता.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ‘बाग हलवली’ म्हणजे नेमकं काय हलवलं? संस्था हलते, माळी हलतात, कुंड्या, बिया, कलमं, लहान रोपं हलतात. पंचवीस वर्षं वाढलेला वृक्ष बैलगाडीत चढत नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोनेक फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. गोळा कितीही मोठा घेतला तरी त्यातली बरीचशी मागेच तुटून राहतात. म्हणून मोठं झाड हलवायचं तर आधी काही महिने चर खणून मुळं टप्प्याटप्प्यानं छाटतात, बुंध्याजवळ नवी मुळं फुटू देतात, आणि मगच उचलतात. एवढं करूनही नंतरची एक-दोन वर्षं पाण्याची काळजी घ्यावी लागते.

हे माहीत असलं की आजचे कागदही वेगळे दिसू लागतात. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. आरे कारशेडच्या प्रकरणात २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणानं २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडांचं पुनर्रोपण करायला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली. तोडलेल्या झाडांवरून शहरात केवढं वादळ उठलं, आठवतं ना? ‘पुनर्रोपण’ या रकान्यावर मात्र त्या मानानं कमीच बोललं गेलं. कारण तो शब्द ऐकला की झाड वाचलं असंच आपल्याला वाटतं.

खरं तर पुनर्रोपण ही एका दिवसाची घटना आहे, आणि जगणं ही काही वर्षांची. पहिली नोंद कंत्राटदाराच्या बिलात सापडते. दुसरी सापडायची तर त्याच झाडापाशी कोणीतरी दोन पावसाळ्यांनंतर परत जायला हवं.

म्हणून तुमच्यासाठी तीन साधे प्रश्न. कागदात ‘हलवलं’ दिसलं की विचारा: जागा चुकली असं कोण म्हणतंय? नेमकं काय हलवलं? आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? हे प्रश्न झाडांपुरतेच नाहीत. वस्त्या, बाजार, गिरणी कामगार, धरणग्रस्त, कोणाच्याही ‘पुनर्वसना’च्या फायलीला ते लागू पडतात.

मामीनं हे सगळं न वाचताच केलं होतं. मोगरा हलवल्याची तारीख तिच्या लक्षात नाही. पहिली कळी कधी आली ते मात्र तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.