हेतू-अनुमानाची संगणकीय प्रतिमाने

माणसाची कृती पाहून त्याला काय हवे आहे व त्याचा समज काय आहे हे ताडणारी, आणि त्यावरून तो पुढे काय करील याचा अंदाज बांधणारी गणिती प्रतिमाने. संज्ञानविज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानवशास्त्र या क्षेत्रांत ती वापरली जातात.

फ्रिट्झ हायडर आणि मेरीॲन सिमेल यांनी १९४४ मध्ये एका छोट्या मूकपटावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन, एवढेच. पाहणाऱ्या पहिल्या गटातल्या ३४ जणांपैकी एकानेच त्याचे वर्णन निव्वळ भूमितीच्या भाषेत केले. बाकीच्यांना त्यात सजीव पात्रे दिसली. ही ओढ फार लहान वयापासून असते. गेर्गेय, चिब्रा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की मधला अडथळा काढून टाकल्यावरही आकृती उडी मारूनच पलीकडे गेली, तर वर्षाची बाळे तिच्याकडे जास्त वेळ पाहत राहतात. सरळ वाट मोकळी असताना उडी कशाला, हे त्यांनाही खटकत असावे.

ख्रिस बेकर, रेबेका सॅक्स आणि जोशुआ टेनेनबाउम यांनी २००९ मध्ये या जाणिवेला ‘उलट नियोजना’चे गणिती रूप दिले. उद्दिष्ट आणि परिस्थिती दिली की संगणक योग्य कृती शोधतो, ते नियोजन. येथे कृती दिलेली असते आणि उद्दिष्ट शोधायचे असते. प्रत्येक संभाव्य उद्दिष्टासाठी ‘हेच हवे असते तर माणूस असा वागला असता का?’ हे तपासून बेझच्या नियमाने त्याची संभाव्यता काढतात. माणूस दर वेळी सर्वोत्तम पर्यायच निवडतो असे मात्र धरत नाहीत. चांगला पर्याय निवडला जाण्याची शक्यता अधिक, एवढेच धरतात.

याच गटाचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला खाद्यगाड्यांचा प्रयोग या पद्धतीचे बळ उत्तम दाखवतो. विद्यापीठाच्या आवारात गाड्या उभ्या करायला दोन जागा आहेत. कोरियन, लेबनीज आणि मेक्सिकन अशा तीन गाड्यांपैकी कोणत्याही तेथे असू शकतात. विद्यार्थ्याला जवळच्या जागेवरची कोरियन गाडी दिसते, दुसरी जागा इमारतीआड आहे. तो कोरियन गाडी ओलांडून कोपऱ्यापर्यंत जातो, पलीकडे लेबनीज गाडी पाहतो आणि मागे फिरून कोरियन गाडीवर जातो. त्याला सर्वांत जास्त काय आवडते? मेक्सिकन, म्हणजे जी गाडी त्या दिवशी आलेलीच नाही ती. प्रतिमान हेच उत्तर देते आणि पाहणारी माणसेही हेच देतात. नुसत्या हालचाली मोजणाऱ्या पद्धतीला हे साधणार नाही. त्यासाठी विद्यार्थ्याची आशा आणि त्याला काय दिसत नव्हते, दोन्ही हिशेबात धरावे लागते.

अभियांत्रिकीत हीच कल्पना ‘व्यस्त प्रबलन अध्ययन’ या नावाने वाढली. स्टुअर्ट रसेल यांनी १९९८ मध्ये तो प्रश्न मांडला; अँड्र्यू एंग यांच्यासह त्यांनी २००० मध्ये तो सोडवण्याच्या रीती दिल्या. ब्रायन झीबार्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पिट्सबर्गच्या टॅक्सीचालकांच्या जीपीएस नोंदींवरून त्यांची रस्ते निवडण्याची पसंती शिकून घेतली आणि प्रवासाच्या सुरुवातीच्या भागावरून मुक्कामाचे ठिकाण वर्तवून दाखवले.

या शास्त्राची खरी अडचण मुळाशी आहे. जिंकण्यासाठी उत्तम खेळणारा आणि हरायचे असूनही प्रत्येक चाल नेमकी उलटी खेळणारा, या दोन बुद्धिबळपटूंचे खेळ सारखेच दिसतील. स्टुअर्ट आर्मस्ट्राँग आणि सोरेन मिंडरमन यांनी २०१८ मध्ये दाखवले की नुसत्या वागण्यावरून माणसाची इच्छा आणि त्याचा विवेकीपणा वेगळे काढता येत नाहीत. माणूस कसा चुकतो याबद्दल काही गृहीत धरावेच लागते. म्हणून हे गृहीतक उघडपणे मांडणारी प्रतिमानेच अधिक विश्वसनीय मानावीत. ओवेन एव्हान्स, आंद्रेआस श्टूलमुलर व नोआ गुडमन यांचे २०१६ चे काम या दृष्टीने मोलाचे आहे. त्यात दोन माणसांना शाकाहारी उपाहारगृहात जायचे आहे. एक जण जवळच्या रस्त्याने निघतो, वाटेत डोनटचे दुकान लागते आणि त्याला मोह आवरत नाही. दुसरा आपला स्वभाव ओळखून लांबचा रस्ता धरतो. माणूस कधी चुकत नाही असे मानणाऱ्या प्रतिमानाला पहिल्याचे डोनट हेच त्याचे आवडते खाणे वाटते आणि दुसऱ्याच्या वळशाचा अर्थ लागत नाही. मोहाला हिशेबात जागा देणारे प्रतिमान दोघांची खरी पसंती ओळखते.