लघुउद्योगाचा वीजपुरवठा

लघुउद्योगाचा वीजपुरवठा म्हणजे यंत्रशाळा, पिठाची गिरणी, छापखाना यांसारख्या छोट्या कारखान्यांना वितरण कंपनीकडून मिळणारी त्रिकला (थ्री फेज) वीज आणि ती यंत्रांपर्यंत पोहोचवणारी अंतर्गत व्यवस्था होय. भारतात या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात वितरणाचे काम महावितरण ही कंपनी करते.

रचना

परिसरातील ११ किलोव्होल्टची उच्चदाब वाहिनी रोहित्रापर्यंत येते. रोहित्र हा दाब सुमारे ४१५ व्होल्टपर्यंत उतरवते. त्यातून तीन कलांच्या तारा आणि एक शून्य (न्यूट्रल) तार निघते. कोणत्याही दोन कलांमधील दाब ४१५ व्होल्ट, तर एक कला व शून्य तार यांमधील दाब त्याच्या १/√३ पट, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट असतो. मोठ्या मोटरी तिन्ही कलांवर चालतात; दिवे व पंखे एका कलेवर चालतात. हा एककला भार तिन्ही कलांवर शक्यतो समान वाटला जातो. भार असमान असताना शून्य तार तुटल्यास कमी भाराच्या कलेवरील दाब वाढून उपकरणे जळू शकतात.

शक्तिगुणक

प्रवर्तन (इंडक्शन) मोटरींना चुंबकीय क्षेत्रासाठी अतिरिक्त विद्युत धारा लागते. त्यामुळे प्रत्यक्ष शक्ती (किलोवॅट) ही आभासी शक्तीपेक्षा (किलोव्होल्ट-अँपिअर) कमी भरते. या दोहोंच्या गुणोत्तरास शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) म्हणतात. उदाहरणार्थ, ५० किलोवॅट भाराचा शक्तिगुणक ०.८ असल्यास आभासी शक्ती ६२.५ किलोव्होल्ट-अँपिअर व प्रत्येक कलेतील धारा सुमारे ८७ अँपिअर होते. सुमारे २१ किलोव्हारचे धारित्र (कपॅसिटर) जोडून शक्तिगुणक ०.९५ केल्यास धारा सुमारे ७३ अँपिअरवर येते. तारांमधील ऊर्जाहानी धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने धारित्राच्या अलीकडील, म्हणजे पुरवठ्याकडील तारांतील हानी सुमारे २९ टक्क्यांनी घटते. मात्र धारित्र मुख्य फलकापाशी बसवल्यास तेथून मोटरीपर्यंतच्या तारांतील धारा कमी होत नाही.

मोटरींचा प्रारंभ

थेट जोडलेली प्रवर्तन मोटर सुरू होताना पूर्णभार धारेच्या साधारणपणे पाच ते सात पट धारा घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरने ही धारा एक तृतीयांशावर येते. परंतु प्रारंभीचे आघूर्णही (टॉर्क) तितकेच घटते. म्हणून जड भारासह सुरू होणाऱ्या यंत्रांना ही पद्धत सोयीची नसते.

संरक्षण

चालू मोटरीची एक कला खंडित झाली, तरी ती बहुधा फिरत राहते. मात्र उरलेल्या कलांतील धारा वाढून वेटोळी जळतात. हे टाळण्यासाठी अतिभार रिले व कलाखंड-प्रतिबंधक बसवतात. फ्यूज आणि एमसीबी लघुपरिपथापासून (शॉर्ट सर्किट) संरक्षण देतात. विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी भूसंपर्कन (अर्थिंग) आणि गळतीधारा-खंडक आवश्यक असतात. भारतीय सुरक्षा नियमांनुसार स्थिर मोटरीच्या धातूच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र भूसंपर्क जोडण्या द्याव्या लागतात. एक जोडणी गंजून वा सैल होऊन निकामी झाली, तरी दुसरी कामगाराचे रक्षण करते.