तेरचे मडके आणि जपानी चहापात्र

सोळाव्या शतकात जपानमधील सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्याने साध्या मातीच्या पात्राला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. चोजिरो या कारागिराने चाकाविना, केवळ हातांनी घडवलेली ती पात्रे ‘राकू’ या नावाने प्रसिद्ध आहेत. ओंजळीत विसावणारा त्यांचा घाट आणि मंद काळी झिलई रसिक आजही आदराने न्याहाळतात. रिक्यूच्या प्रमुख शिष्यांत ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदारही होता. २०१७ साली ख्रिस्तसभेने त्याला ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केले.

हीच नजर घेऊन आपण कधी तेरला गेलो आहोत काय? लातूरच्या पश्चिमेस, तेरणाकाठी वसलेले हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे.

रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्या रहिवाशाने जमवलेल्या पुरावस्तूंतून तेथील संग्रहालय उभे राहिले. सातवाहनकाळातील लाल-काळी भांडी हा या स्थळाचा ठेवा आहे. भांडे आव्यात पालथे ठेवले की आत हवा पोहोचत नाही, म्हणून आतली बाजू व काठ काळा राहतो आणि बाहेरचे अंग तांबडे होते, असे अभ्यासक सांगतात. या भांड्यांवर काचेसारखी झिलई नाही. त्यांची तकाकी आहे ती हाताने घोटून आणलेली.

झिलई नाही, म्हणून ही कला उणी ठरते काय? झिलई पाणी अडवते; माठाने तर झिरपले पाहिजे. अंगावरचे पाणी वाफ होऊन उडते, तेव्हाच आतले पाणी गार होते. जपानी पात्र ऊन चहासाठी, आपला माठ वैशाखातल्या तहानेसाठी. ज्याची जशी गरज, तशी त्याची कांती.

मडके पारखण्याची आपली रीतही निराळी. तेरचे संत गोरोबाकाका यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, अशी कथा आहे. आजही नांदेड-लातूरच्या बाजारात गृहिणी माठ टिचकी मारून, त्याचा नाद ऐकूनच घेते. मात्र परदेशी पात्र काचेच्या कपाटात ठेवणारे आपण कुंभाराशी चार रुपयांसाठी घासाघीस करतो. पुढच्या उन्हाळ्यात माठ घेताना क्षणभर थांबून त्याचा घाट पाहावा. दोन हजार वर्षांचे हस्तकौशल्य त्या गोलाईत उतरलेले असते.