यकृताच्या कर्करोगातील रोगप्रतिकारक पेशी आणि रुग्णाचे भवितव्य : एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास

प्रास्ताविक

यकृताचा कर्करोग हा जगातील अत्यंत प्राणघातक कर्करोगांपैकी एक आहे. इ.स. २०२२ मध्ये जगभरात या रोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ७ लाख ५८ हजार रुग्ण दगावले. शस्त्रक्रिया करून गाठ पूर्णपणे काढली, तरी निम्म्याहून अधिक रुग्णांत पाच वर्षांच्या आत रोग पुन्हा उद्भवतो. कोणत्या रुग्णात तो उलटेल याचा अंदाज बांधताना गाठींची संख्या, त्यांचा आकार, रक्तवाहिन्यांत झालेला शिरकाव आणि उरलेल्या यकृताची स्थिती या गोष्टी पाहिल्या जातात. परंतु या सर्व बाबतींत सारख्या असलेल्या दोन रुग्णांपैकी एक दहा वर्षे जगतो आणि दुसरा दोन वर्षांत जातो, असे का घडते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग गाठीत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये सापडला. त्या पेशींचा अर्थ लावण्याच्या प्रयत्नांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

दोन परस्परविरोधी विचार

जर्मन रोगविकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यांना इ.स. १८६३ च्या सुमारास कर्करोगाच्या गाठींत रक्तातील पांढऱ्या पेशी आढळल्या. दीर्घकाळ टिकणाऱ्या दाहाच्या जागी कर्करोग उगवतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे त्यांच्या दृष्टीने या पेशी रोगाच्या कारणाच्या बाजूला होत्या. याउलट पॉल एर्लिख यांनी इ.स. १९०९ मध्ये वेगळा विचार मांडला. शरीराची प्रतिकारशक्ती सतत काम करीत नसती, तर कर्करोग कितीतरी अधिक प्रमाणात दिसला असता, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९५० च्या दशकात मॅक्फार्लेन बर्नेट आणि लुईस थॉमस यांनी हाच विचार 'प्रतिकारक पहाऱ्या'च्या सिद्धान्तात रूपांतरित केला.

त्याच पेशी एकाच्या मते आगीचा धूर, तर दुसऱ्याच्या मते आग विझवणारे हात. यकृताच्या बाबतीत हा वाद विशेष तीव्र ठरतो. हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूंचा जुना संसर्ग, मद्यपान, साठलेली चरबी यांमुळे वर्षानुवर्षे सुजलेल्या यकृतातच बहुधा कर्करोग होतो. तेथे पांढऱ्या पेशी कर्करोगाच्या आधीपासून ठाण मांडून असतात. मग त्यांतील रक्षक कोणत्या आणि उपद्रवी कोणत्या, हे ओळखायचे कसे?

मोजणीची साधने

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डब्ल्यू. सी. मॅकार्टी यांनी इ.स. १९२२ मध्येच, गाठीत लसिकापेशी असलेले कर्करुग्ण अधिक काळ जगतात, असे नोंदवले होते. परंतु त्या काळच्या रंजकांनी रंगवलेल्या काचपट्टीवर सर्व लसिकापेशी निळ्या ठिपक्यांसारख्या एकसारख्याच दिसत. त्यांच्यात भेद करणे शक्य नव्हते.

हा अडथळा दोन टप्प्यांत दूर झाला. जॅक मिलर यांनी इ.स. १९६१ मध्ये थायमस ग्रंथीचे कार्य दाखवून दिले आणि त्यातून टी-पेशींची ओळख पटली. नंतर इ.स. १९७५ मध्ये केलर आणि मिल्स्टाइन यांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधली. एकाच विशिष्ट प्रथिनाला चिकटणाऱ्या या प्रतिपिंडांमुळे काचपट्टीवरील मारक टी-पेशी, म्हणजे 'सीडी-८' खूण असलेल्या पेशी, वेगळ्या रंगात दिसू लागल्या. अंडाशयाच्या कर्करोगावरील इ.स. २००३ च्या एका अभ्यासाने या मोजणीचे महत्त्व सर्वांसमोर आणले. गाठीत टी-पेशी असलेल्या रुग्णांपैकी ३८ टक्के पाच वर्षे जगले. टी-पेशी नसलेल्यांत हे प्रमाण ४.५ टक्के होते.

यकृतातील संशोधन

यकृताच्या कर्करोगात या दिशेने महत्त्वाचे पाऊल जपानमध्ये पडले. इ.स. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान, एकच गाठ असलेल्या १६३ रुग्णांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ऊती तपासण्यात आल्या. त्यांपैकी फक्त ११ गाठींत लसिकापेशींची दाट गर्दी होती. या ११ जणांत रोग उलटण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी होते.

तथापि केवळ गर्दी मोजून भागत नाही, हेही लवकरच कळून आले. शिमोन साकागुची यांनी इ.स. १९९५ मध्ये प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी दाखवून दिल्या होत्या. (या कार्यासाठी त्यांना मेरी ब्रन्कॉव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) शांघाय येथील संशोधकांनी इ.स. २००७ मध्ये ३०२ रुग्णांच्या गाठींत मारक आणि नियामक या दोन्ही पेशी मोजल्या. मारक पेशी अधिक व नियामक कमी असलेल्या गटात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६४ टक्के होते. उलट परिस्थितीत ते २४.१ टक्के होते. निर्णायक ठरला तो पेशींमधील तोल.

स्थान आणि अवस्था

यानंतर पेशी कोठे आहेत या प्रश्नाला महत्त्व आले. इ.स. २०१५ मध्ये 'नेचर इम्युनॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अनेकांना बुचकळ्यात टाकले. गाठीबाहेरच्या सुजलेल्या यकृतात लसिकापेशींचे पुंजके तयार होतात आणि भावी कर्कपेशी त्यांच्या आश्रयाने वाढतात, असे त्यात दिसले. मात्र इ.स. २०१९ च्या एका फ्रेंच अभ्यासात असेच पुंजके गाठीच्या आत असलेल्या रुग्णांत रोग लवकर उलटण्याचा धोका कमी आढळला. म्हणजे कुंपणाबाहेर व्हिर्खो खरे ठरत होते आणि कुंपणाच्या आत एर्लिख.

पेशींची अवस्था हा पुढचा मुद्दा. इ.स. २०१७ मध्ये बीजिंगमधील संशोधकांनी सहा रुग्णांच्या ५,०६३ टी-पेशींची एकेक करून जनुकीय तपासणी केली. गाठीतील अनेक मारक पेशी 'थकलेल्या' अवस्थेत होत्या. त्या हजर असूनही लढत नव्हत्या. त्यांच्या पृष्ठभागावरील 'पीडी-१' हा लगाम तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने इ.स. १९९२ मध्ये शोधला होता.

हा लगाम सैल करणारी औषधे आल्यावर भाकीत आणि उपचार यांची गाठ पडली. इ.स. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५०१ रुग्णांवरील चाचणीत अटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब ही जोडी घेणाऱ्यांपैकी ६७.२ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. सोराफेनिब या जुन्या औषधाच्या गटात हे प्रमाण ५४.६ टक्के होते. पुढील विश्लेषणात, उपचारापूर्वीच गाठीत मारक पेशी असलेल्यांना या जोडीचा अधिक लाभ झाल्याचे दिसले. परंतु येथेही अपवाद निघाला. चरबीमुळे सुजलेल्या यकृतात 'पीडी-१' असलेल्या मारक पेशी भरपूर असूनही त्या यकृताचीच हानी करतात आणि अशा रोग्यांना या औषधांचा लाभ कमी होत असावा, असे इ.स. २०२१ च्या संशोधनातून सूचित झाले.

समारोप

दीडशे वर्षांहून अधिक काळच्या या वाटचालीत प्रश्न हळूहळू बदलत गेला. प्रथम 'पेशी आहेत का' असे विचारले गेले. मग 'किती', 'कोणत्या', 'कोठे' आणि शेवटी 'कोणत्या अवस्थेत'. प्रत्येक नव्या प्रश्नाने आधीचे उत्तर खोडून न काढता त्याची मर्यादा दाखवली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पेशींच्या मोजणीवर आधारलेला 'इम्युनोस्कोर' इ.स. २०१८ मध्ये अनेक देशांतील रुग्णांवर पडताळला गेला. यकृतात अशी सर्वमान्य मोजपट्टी अद्याप रुळलेली नाही. वर उल्लेखिलेले अभ्यास मुख्यतः जपान, चीन आणि पाश्चात्त्य देशांतील आहेत. तेथे रोगाची कारणे वेगवेगळी आहेत. म्हणून एका ठिकाणची टक्केवारी दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णाला जशीच्या तशी लावणे धोक्याचे ठरते. टक्केवारी समूहाविषयी बोलते. समोर बसलेला रुग्ण मात्र एकच असतो.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. तैवानने इ.स. १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बी ची लस देण्यास प्रारंभ केला. त्यानंतर ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखात ०.७० वरून १९९० ते १९९४ या काळात ०.३६ वर आले. भारतातही इ.स. २०११ पासून ही लस देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. गाठीतील पेशी वाचण्याची विद्या अद्याप अपुरी आहे. गाठच होऊ न देण्याचा एक मार्ग मात्र हाताशी आहे. महाविद्यालयाच्या वर्गात या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या, तर विद्यार्थ्यांना विज्ञानाची गती आणि त्याचा उपयोग एकदमच समजेल.