उदगीरची खादी आणि राष्ट्रध्वजाचे मानक

भारतीय मानक संस्था 1947 साली स्थापन झाली. तिने आखलेल्या मानकांपैकी पहिला क्रमांक ज्यास मिळाला ते मानक पोलादाचे नव्हते, सिमेंटचेही नव्हते. ते राष्ट्रध्वजाच्या सुती खादीचे होते. 1951 सालचे हे मानक मेट्रिक परिमाणांच्या स्वीकारामुळे 1964 साली सुधारले गेले व 1968 साली त्यात पुन्हा दुरुस्ती झाली. त्यापूर्वी 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने ध्वजाचे रंग, चक्र आणि रुंदी व लांबी यांचे 2:3 हे प्रमाण ठरविले होते. पण कापड किती घट्ट विणावे व रंग किती पक्का असावा याचा विचार त्या ठरावात नव्हता, आणि तो तेथे अपेक्षितही नव्हता.

हा ठराव झाला तेव्हा नांदेड हा निजामी राज्याचा जिल्हा होता आणि उदगीर त्याच राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत होते. 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांनी हैदराबादेत तिरंगा फडकविला आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली. येथील प्रजेला हा ध्वज उघडपणे उभारता आला तो 17 सप्टेंबर 1948 नंतरच. उदगीर आज लातूर जिल्ह्यात आहे. तो जिल्हा 1982 साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. ध्वजाचे कापड उदगीरच्या खादी केंद्रात विणले जाते, विरंजन व रंगाई यांसाठी अहमदाबादेस जाते, आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याची शिलाई होते. ज्या मुलखात हा ध्वज उभारणे हा गुन्हा होता, तेथेच त्याचे कापड विणले जावे, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

मानकातील अटी कडक आहेत. ध्वजपटाची खादी वेगळी आणि दोरी ओवण्याच्या पट्टीची जाड खादी वेगळी. आकार नऊच: सर्वांत मोठा 6300 × 4200 मिलिमीटर, सर्वांत लहान 150 × 100 मिलिमीटर, प्रत्येकाच्या चक्राचा व्यास ठरलेला. रंग उन्हात व धुण्यात टिकतो की नाही, हे नमुने काढून पाहावे लागते. वजनाविषयी मात्र प्रचलित लेखनात एक गफलत दिसते. एक चौरस फूट कापडाचे वजन 205 ग्रॅम असावे, असे वारंवार छापले जाते. हे खरे मानल्यास चौरस मीटरला 2 किलोग्रॅमहून अधिक भार होईल. असले कापड जमिनीवर अंथरण्यास गालिचा म्हणून शोभेल. वाऱ्यावर ते फडकणार नाही. हा आकडा चौरस मीटरचाच असला पाहिजे.

खरी अडचण निराळीच आहे. यंत्राचा धागा एकसारखा निघतो. हातसुताचा धागा कातणाऱ्याच्या बोटांप्रमाणे व कापसाप्रमाणे बदलतो. मानकाने मागितला तो हातसुताचाच धागा, आणि अपेक्षा ठेवली एकसारखेपणाची. मराठीत 'प्रमाण' या एका शब्दात माप, गुणोत्तर व पुरावा असे तिन्ही अर्थ सामावतात. ध्वजाच्या बाबतीत ते एकत्र आले. मापात बसणे हाच खरेपणाचा पुरावा ठरला. त्याची किंमत विणकराने मोजली, कारण कसोटीस न उतरलेल्या ठाणाचे श्रम पाण्यात जातात. ही शिस्त अन्यायकारक म्हणता येणार नाही. पण तिचा भार कोणावर पडतो, हे मानकांच्या इतिहासात क्वचितच लिहिले जाते.

2002 सालच्या ध्वजसंहितेने हातसुताची व हातमागाची अट कायम ठेवली होती. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मान्यता मिळाली. सुती खादीसाठी रचलेले मानक अशा कापडास लावता येत नाही. म्हणजे ध्वज विधिमान्य आहे, पण पहिल्या क्रमांकाच्या मानकाच्या कक्षेबाहेर आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहिमेत टपाल खात्याने संकेतस्थळावरूनही ध्वज विकले, 25 रुपयांस एक. घरबसल्या मागविणाऱ्यास कापड हाताळून पाहता येत नाही, आणि रंग पक्का की कच्चा हे त्यास कळते ते पहिल्या पावसात.