वय : दप्तरातले आणि देहातले

माणसाचे वय किती, या प्रश्नाचे उत्तर सरकारी दप्तरात एका ओळीत मिळते. सेवापुस्तिकेत जन्मतारीख नोंदली गेली की तीवरून सेवानिवृत्तीचा दिवस ठरतो. केंद्र शासनात ही वयोमर्यादा 1962 मध्ये 55 वरून 58 व 1998 मध्ये 58 वरून 60 झाली. दोन्ही वेळा नियम बदलला, कोणाचा देह तपासण्यात आला नाही. साठीचे दोन गृहस्थ मात्र सारखे नसतात. एक गड चढतो, दुसऱ्याला जिना चढवत नाही.

वय म्हणजे केवळ गेलेली वर्षे नव्हेत, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. कालमानानुसार येणारी शरीराची अवस्था म्हणजे वय, अशा आशयाची व्याख्या चरकसंहितेच्या विमानस्थानात आढळते. ही अवस्था आकड्यांत मोजण्याचा प्रयत्न मात्र गेल्या दोन शतकांतील आहे.

विम्याचे गणित करणाऱ्या लंडनच्या बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी 1825 मध्ये दाखवून दिले की, प्रौढ वयात मृत्यूचे प्रमाण वर्षागणिक ठरावीक पटीने वाढत जाते. हा नियम समूहाला लागू पडला. एकट्या माणसाविषयी तो काही सांगू शकत नव्हता. ती गरज हिरोशिमात तीव्रतेने भासली. किरणोत्सर्गाने माणूस लवकर वृद्ध होतो काय, ही शंका तेथील संशोधकांपुढे होती. त्वचेची लवचिकता, हाताच्या पकडीचे बळ, फुप्फुसांची क्षमता, दृष्टी, श्रवण व रक्तदाब तपासून ‘शारीरिक वय’ ठरविण्याचा त्यांचा प्रयत्न 1965 मध्ये प्रसिद्ध झाला.

तत्पूर्वी 1961 मध्ये फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांना आढळले होते की, मानवी पेशी सुमारे पन्नास वेळा विभाजन पावून थांबतात. पेशी गोठवून पुढे पुन्हा वाढविल्या, तरी त्यांची मोजणी जेथे राहिली होती तेथूनच पुढे चालू होई. देह आपला हिशेब स्वतः ठेवतो, याचे हे प्रत्यंतरच म्हणावे लागेल.

त्या हिशेबाची आणखी एक वही 2013 मध्ये उघडली. डीएनएवर ठिकठिकाणी चिकटलेल्या मिथाइल या रासायनिक गटांचे प्रमाण वयोमानाप्रमाणे बदलते. अमेरिकेतील स्टीव्ह होर्व्हाथ यांनी अशी 353 स्थाने निवडून वयाचा अंदाज बांधला. पुढे न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे 1972-73 साली जन्मलेल्यांची पाहणी झाली. तीत, जनुकांची नव्हे तर रक्त, हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आदींची तपासणी करता, 38 वर्षे वयाच्या व्यक्तींचे जैविक वय तिशीच्या आतपासून जवळजवळ साठीपर्यंत भरले. हा निष्कर्ष 2015 चा.

या मापनाचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत 220 निरोगी प्रौढांवर झालेल्या प्रयोगात काहींना दोन वर्षे मिताहार देण्यात आला. त्यांच्या वृद्धत्वाचा वेग एका मापनानुसार दोन ते तीन टक्क्यांनी मंदावला. अन्य दोन मापनांत मात्र फरक दिसला नाही, असे 2023 मध्ये जाहीर झाले. मापनामापनांतच एकवाक्यता नसताना, पैसे मोजून मिळालेल्या एखाद्या आकड्याने हर्षून अथवा खचून जाणे शहाणपणाचे नव्हे.

साध्या कसोट्या मात्र आजही उपयोगी आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशातील 45 वर्षांवरील व त्यांचे जोडीदार अशा 72,000 हून अधिक व्यक्तींची पाहणी केली. तीत पकडीचे बळ व चालण्याचा वेगही मोजण्यात आला.

मंडळाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा स्थापनेच्या वेळचे तरुण सभासद आज सत्तरीपार असणार. गावाकडून मुलांकडे राहावयास आलेले कित्येक आईवडील परभाषेच्या संकोचाने घराबाहेरही पडत नाहीत. त्यांचे चालणे मंदावले, डबीचे झाकण उघडेनासे झाले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि सायंकाळी कोणी तरी त्यांच्याबरोबर फिरावयास जावे. जन्मतारीख बदलता येत नाही. देहाच्या वहीत मात्र अजून काही नोंदी आपल्या हातच्या आहेत.