स्पष्ट अक्षरे की रंगीत चित्रे?

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने अमेरिकेत आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. या यंत्रात पडद्यावर मजकूर उमटवणारे कार्ड आधीपासून बसवलेले नसे. ते वेगळे निवडून आतल्या खाचेत बसवावे लागे. कंपनीची अशी दोन कार्डे होती. एक अक्षरांचे, तर दुसरे रंगांचे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने यांपैकी कोणते घ्यावे? उत्तरासाठी थोडे गणित करू या.

अक्षरांच्या कार्डावर पडद्याच्या २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण २,००० घरे असत. प्रत्येक घरासाठी दोन बाइट मेमरी लागे. एका बाइटमध्ये अक्षराचा क्रमांक असे आणि दुसऱ्यात ते ठळक, अधोरेखित वगैरे कसे दाखवायचे याची खूण. झाले ४,००० बाइट. कार्डावर मेमरी होती ४ किलोबाइट, म्हणजे ४,०९६ बाइट. तेवढ्यात सारा पडदा मावला! कारण अक्षराचा आकार या मेमरीत ठेवावाच लागत नसे. २५६ चिन्हांचे साचे कार्डावरील एका चिपमध्ये कायमचे कोरलेले असत. एकेक घर ९ × १४ ठिपक्यांचे असल्याने अक्षरे रेखीव दिसत. मात्र या साच्यांपलीकडचे काहीच काढता येत नसे. साधे वर्तुळसुद्धा नाही.

रंगांच्या कार्डावर प्रत्येक ठिपका स्वतंत्र होता. ३२० × २०० म्हणजे ६४,००० ठिपके. चार रंगांतला एक रंग सांगायला दोन बिट लागतात. म्हणून १,२८,००० बिट, अर्थात १६,००० बाइट. या कार्डावर १६ किलोबाइट मेमरी होती, ती अशी जवळजवळ संपूनच जाई. अक्षरांना मिळत ८ × ८ ठिपक्यांची घरे. दिवसभर शेकडो ओळी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ती खडबडीत अक्षरे शिणवत.

काही प्रोग्रॅमर दोन्ही कार्डे बसवत. दोन्हींच्या मेमरीचे पत्ते वेगळे असल्यामुळे हे जमे. रंगीत पडद्यावर प्रोग्रॅम चालायचा आणि शेजारच्या एकरंगी पडद्यावर त्यातल्या चुका शोधल्या जायच्या. अर्थात पडदे दोन म्हणजे खर्चही दोन!

साठवणुकीतही असाच पेच होता. १९८१ च्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट मावत. मजकूर लिहायचा प्रोग्रॅम एका फ्लॉपीवर, त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर दुसरीवर, अशी अदलाबदल सतत चाले. मार्च १९८३ मध्ये आलेल्या 'एक्सटी' यंत्रात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तोवर फ्लॉपी ३६० किलोबाइटची झाली होती. म्हणजे अशा २८ फ्लॉपींचा ऐवज एका डिस्कवर आला, पण ती महाग होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ४९.९५ डॉलरला 'टर्बो पास्कल' आले. लिहिणे आणि रूपांतर करणे ही दोन्ही कामे करणारा हा प्रोग्रॅम ४० किलोबाइटपेक्षाही लहान होता. एकदा मेमरीत शिरला की फ्लॉपी बदलायला नको. ज्यांना हार्ड डिस्क परवडत नव्हती, त्यांची अडचण अशी प्रोग्रॅमनेच बरीचशी सोडवली.

आता पुन्हा पडद्याकडे येऊ. वान सुवन्नुकुल या थाई गृहस्थांना आपला पीएच.डी.चा प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. थाई लिपीत आपल्यासारख्याच वर-खाली खुणा असतात. चिपमध्ये कोरलेल्या २५६ साच्यांत त्या नव्हत्या आणि रंगांच्या कार्डाचे ठिपके त्यांना अपुरे पडत. मग त्यांनी स्वतःच कार्ड बनवले. १९८२ मध्ये आलेल्या या 'हर्क्युलिस' कार्डावर एकरंगी कार्डाची रेखीव अक्षरे तर होतीच, शिवाय ७२० × ३४८ ठिपके एकेक करून उजळता येत. आयबीएमचा एकरंगी पडदाच त्याला चाले. 'लोटस १-२-३' या हिशेबाच्या लोकप्रिय प्रोग्रॅमने या कार्डाला साथ दिली आणि त्याचा झपाट्याने प्रसार झाला. ज्याची लिपी ठरीव साच्यात बसत नव्हती, त्या माणसाने इंग्रजीत काम करणाऱ्यांचाही पेच सोडवला!

आपली अडचणही हीच होती. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरीसाठी सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' कार्डाच्या रूपाने पुढे गेले. मोहन तांबे यांचा त्यात मोठा वाटा होता. हे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम मराठी मजकूरही हाताळू लागत.

आज १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर एका चित्राला ६२,२०,८०० बाइट लागतात. सीगेट कंपनीची १९८० मधली ५ मेगाबाइटची अख्खी हार्ड डिस्क त्याला पुरली नसती.

शेवटी वर्गात करून पाहण्यासारखी एक गोष्ट. चौकटीच्या कागदावर ८ × ८ आणि ९ × १४ अशी दोन घरे आखा. चौकटी रंगवून दोन्हींत आधी इंग्रजी 'ए' बसवायला सांगा. मग 'राष्ट्रीय'मधला 'ष्ट्री'. सुवन्नुकुल यांना वेगळे कार्ड का बनवावे लागले, हे मुले स्वतःच सांगतील.